जुना मॉनिटर, नवा मॉनिटर : एका संगणकावर दोघांचा मेळ कसा घालावा?

मध्य प्रदेशातील पांढुर्णा शहर आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या नदीच्या दोन काठांवर उभे राहून दोन्हीकडचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. पात्राच्या मध्यभागी रोवलेल्या पळसाच्या झाडावरचा झेंडा कोण नेतो, यासाठी होणारी ही गोटमार दूरवर ठाऊक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून वेगळा जिल्हा झाला. इथे कचेरीतला कागद हिंदीत असतो आणि चुलीजवळचे बोलणे मराठीत. माझी थोरली बहीण आमच्या वरुडहून लग्न होऊन सावरगावात आली. त्यामुळे पणजीतील उपसंपादकाच्या टेबलावरून सुटी मिळाली, की पोळ्याला मी इकडे येतो.

यंदा बहिणीची एकच मागणी होती. ‘‘आज याले नदीवर जाऊ देऊ नको, बाप्पा. घरात कशात तरी गुंतवून ठेव.’’ ‘याले’ म्हणजे माझा वीस वर्षांचा भाचा. त्याला गुंतवण्यासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. त्याच्या खोलीतील टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी उभे होते आणि त्यांच्याविषयी त्याच्या मनात महिनाभराचा राग साठला होता.

डावीकडचा मॉनिटर एके काळी माझाच होता. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करण्यासाठी घेतलेला, साडेअठरा इंची, मागे केवळ निळ्या तोंडाची व्हीजीए जोडणी असलेला. उजवीकडचा नवा, चोवीस इंची, १४४ हर्ट्झचा, मुद्दाम संगणकावरील खेळांसाठी घेतलेला. त्याचे निम्मे पैसे भाच्याने लग्नांच्या चित्रफिती संपादित करून मिळवले होते. उरलेले आंबिया बहाराच्या संत्र्यांतून आले होते. ‘‘मामा, काहीच फरक नाही दिसत जी. जुन्यावर जसा गेम चालत होता तसाच यावर चालते. पैसे पाण्यात गेले.’’ ज्या दुकानातून मॉनिटर आणला तिथे विचारल्यावर ‘कार्डात दम नाही, नवे घ्या’ असे उत्तर मिळाले होते. बहिणीने त्यासाठी पैसे बाजूलाही काढले होते, आणि ते धाकट्या भाचीच्या नागपुरातील वसतिगृहाच्या शुल्काचे होते. त्या टेबलावर अडलेले काम असे खेळापुरते राहिले नव्हते.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की हीच परिस्थिती गोव्यातही घरोघरी आढळते. टाळेबंदीत घेतलेला किंवा कार्यालयाने मोडीत काढलेला एक जुना पडदा, त्याच्याशेजारी मुलाने हट्टाने घेतलेला एक वेगवान पडदा, आणि ‘दोन वेगळ्या जातीचे मॉनिटर एकत्र चालत नाहीत’ हा कुणीतरी दिलेला सल्ला. हा सल्ला चुकीचा आहे. आकार, वेग, रंग आणि जोडणी या चारही बाबतींत भिन्न असलेले दोन मॉनिटर एका संगणकावर सुखाने नांदू शकतात. बिघडते ते एवढ्यानेच, की कोणत्या पडद्याने कोणते काम करायचे हे संगणकाला कुणी सांगितलेले नसते.

१४४ या आकड्याचा अर्थ

मॉनिटर दर सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो, ती संख्या हर्ट्झमध्ये मोजतात. साधा मॉनिटर ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद डोळ्यांसमोर राहते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर हाच काळ सुमारे ६.९ मिलिसेकंदांवर येतो. पत्र लिहिताना वा बातमी वाचताना या फरकाला फारसे महत्त्व नाही. परंतु ‘व्हॅलोरंट’सारख्या नेमबाजीच्या खेळात भिंतीआडून समोरचा खेळाडू बाहेर येतो, तेव्हा तो काही मिलिसेकंद आधी दिसणे आणि त्याची हालचाल तुटक न दिसता सलग दिसणे, यावर डावाचा निकाल फिरू शकतो.

मात्र मॉनिटर स्वतः चित्र काढत नाही. चित्र काढते ते ग्राफिक्स कार्ड. ते केबलमधून वाहून आणले जाते आणि मॉनिटर ते दाखवतो. या वाटेवर कुठेही ६० चा अडसर असेल, तर शेवटी ६०च दिसणार. पाण्याची टाकी कितीही मोठी असली तरी नळाला येणारी धार मधल्या सर्वांत अरुंद नळीइतकीच असते. म्हणून नवे कार्ड घेण्याआधी हा अडसर कुठे आहे ते शोधावे. आम्ही तेच केले.

अडसर शोधण्याआधी तो आहे की नाही, हे पाहण्याची एक फुकटची रीत आहे. माउसचा बाण पडद्यावर भराभर गोल फिरवावा. ६० हर्ट्झवर त्याच्या मागे विरळ, तुटक बाणांची माळ दिसते. १४४ वर ती माळ बरीच दाट होते. भाच्याच्या दोन्ही पडद्यांवर माळ सारखीच विरळ होती. याचा अर्थ सरळ होता. खेळ सुरू होण्याच्या आधीच, नुसत्या रिकाम्या पडद्यावरही नवा मॉनिटर ६० वरच चालत होता. ग्राफिक्स कार्डाच्या दमाचा येथे प्रश्नच नव्हता.

संगणकाची पाठ

संगणकाचा डबा भिंतीपासून ओढून पाठीमागे पाहिले, तेव्हा अर्धे उत्तर तिथेच मिळाले. डब्याच्या मागे जोडण्यांचे दोन गट असतात. वरचा गट, जिथे माउस, कळफलक, इंटरनेटची तार आणि ध्वनीच्या गोल खाचा असतात, तो मदरबोर्डचा. त्याखाली आडव्या पट्टीवर केवळ मॉनिटरच्याच जोडण्या असतात, तो ग्राफिक्स कार्डाचा. भाच्याच्या कार्डावर एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट अशा दोन जोडण्या होत्या. त्यांतली एचडीएमआय जुन्या मॉनिटरने आधीपासूनच अडवली होती. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा छोटा अडॅप्टर लावून तो तिथे जोडलेला होता. नव्या मॉनिटरच्या खोक्यातून एचडीएमआयचीच केबल वर आली, कार्डावर तशी जागा शिल्लक नव्हती, म्हणून ती वर मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये खोचली गेली. चित्र दिसले, म्हणजे झाले, असे त्याला वाटले. कुणालाही वाटले असते.

मदरबोर्डच्या जोडणीतून येणारे चित्र प्रोसेसरमधील ग्राफिक्स विभागाकडून येते, स्वतंत्र कार्डाकडून नव्हे. अशा पडद्यावर खेळ लावला, की एक तर तो त्या दुबळ्या विभागावरच चालतो, नाही तर कार्डाने काढलेले चित्र आधी त्या विभागाकडे पाठवून मग पडद्यावर आणले जाते. दोन्ही प्रकारांत नुकसान आहे. ज्या प्रोसेसरांत ग्राफिक्स विभागच नसतो, तिथे या जोडणीत केबल लावली तर पडदा काळाच राहतो आणि मॉनिटर बिघडला अशी समजूत होते. म्हणून एवढे लक्षात ठेवावे, की खेळाचा मॉनिटर नेहमी कार्डालाच जोडायचा. जागा कमी पडलीच, तर मदरबोर्डच्या जोडणीवर जुन्याला पाठवावे. त्याला तिथे काही कमी पडत नाही.

केबलचीही एक पिढी असते. व्हीजीए १९८७ सालची. तिच्यातून चित्र ॲनालॉग लहरींच्या रूपात जाते. जुन्या साठ हर्ट्झच्या मॉनिटरला ती पुरते, फक्त अक्षरे किंचित धूसर दिसतात. एचडीएमआयच्या आवृत्त्या निरनिराळ्या क्षमतेच्या आहेत. १.४ या जुन्या आवृत्तीवर १९२०×१०८० चे चित्र साधारणतः १२० हर्ट्झपर्यंतच जाते, आणि कित्येक मॉनिटर त्या जोडणीवर याहूनही कमी वेग देतात, २.० वर १४४ ची अडचण राहत नाही. बाहेरून दोन्ही खाचा हुबेहूब सारख्या दिसतात, हीच मेख आहे. त्यामुळे संगणकावरील खेळांसाठी डिस्प्लेपोर्ट ही सर्वांत निर्धास्त वाट. तिच्या १.२ या आवृत्तीवरही २५६०×१४४० चे चित्र १४४ हर्ट्झने जाते.

गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात बाजार उघडा मिळणे अवघड. केबल आणायला नागपूर गाठावे लागणार, असे वाटत असतानाच भाच्याने माळ्यावरून मॉनिटरचे खोके काढले. थर्माकोलच्या खालच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डिस्प्लेपोर्टची केबल जशीच्या तशी पडून होती. सगळ्याच मॉनिटरांसोबत ती मिळते असे नाही. पण खोके टाकून देण्यापूर्वी तळापर्यंत पाहावे.

ही केबल नव्या मॉनिटरला आणि कार्डाला लावली. जुना होता तिथेच एचडीएमआयवर राहिला. इथे अडॅप्टरविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. एचडीएमआय वा डिस्प्लेपोर्टमधून निघणारे चित्र अंकीय असते, तर व्हीजीएला लहरी लागतात. त्यामुळे मधला अडॅप्टर आत चिप असलेला, चित्राचे रूपांतर करणारा हवा. नुसत्या तारा एकमेकींना जोडलेली स्वस्त केबल काही कामाची नाही. आणि गोव्याच्या दमट हवेत पेटीत पडून राहिलेल्या जुन्या व्हीजीए केबलच्या पिना काळवंडलेल्या वा वाकलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. पडद्यावर पिवळट किंवा गुलाबी झाक येते ती बहुधा त्यामुळेच.

कुणाचे काम कोणते

केबल बदलल्यावरही बाणाची माळ विरळच. भाच्याचा चेहरा पुन्हा पडला. परंतु हा दुसरा अडसर त्याहून सोपा होता. विंडोज नव्या मॉनिटरला अनेकदा आपणहून ६० वरच ठेवते. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, तिथे ‘डिस्प्ले’, आणि त्यात खाली ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ असे जावे. वरच्या रकान्यात आधी नवा मॉनिटर निवडावा, कारण दोन्हींची सेटिंगे स्वतंत्र असतात. मग रिफ्रेश रेटच्या यादीतून १४४ निवडावे. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला. भाच्याने बाण गोल फिरवला आणि नुसता ‘‘अरे!’’ म्हणाला.

त्याच ‘डिस्प्ले’च्या पानावर आणखी तीन गोष्टी करायच्या असतात. पानाच्या वरच्या भागात १ आणि २ अशा दोन चौकटी दिसतात. ‘आयडेंटिफाय’वर दाबले, की ते आकडे प्रत्यक्ष पडद्यांवर उमटतात. टेबलावर जो मॉनिटर डावीकडे आहे त्याची चौकट माउसने ओढून डावीकडे ठेवावी, नाही तर बाण उजव्या कडेतून बाहेर पडून भलत्याच बाजूने उगवतो. मग नव्याची चौकट निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ या ओळीपुढे खूण करावी. बहुतेक खेळ मुख्य पडद्यावर उघडतात. भाच्याचा मुख्य पडदा महिनाभर जुनाच राहिला होता. तिसरी बाब म्हणजे ‘एक्स्टेंड’ निवडलेले असणे. ‘डुप्लिकेट’ निवडले तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येते, आणि दोघांनाही झेपेल अशा पातळीवर, म्हणजे दुबळ्याच्या पातळीवर, वेगवानालाही उतरावे लागते. दोन वेगळे मॉनिटर जोडून ‘डुप्लिकेट’ ठेवणे म्हणजे नवा घेऊन न घेतल्यासारखे आहे.

जुन्याचे रिझोल्युशन १३६६×७६८, नव्याचे १९२०×१०८०. पानावरच्या चौकटी त्यामुळे लहानमोठ्या दिसतात आणि त्यांच्या कडा जिथे जुळत नाहीत तिथे बाण अडतो. टेबलावर दोन्ही पडद्यांचा वरचा वा खालचा काठ जसा जुळतो, तशाच त्या चौकटी जुळवाव्यात. विंडोज ११ मध्ये बाणाला अडथळ्याविना पलीकडे जाऊ देणारी सोयही ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली दिलेली आहे. अक्षरांच्या आकाराची तक्रार या जोडीत आली नाही, कारण चोवीस इंचांत १९२०×१०८० म्हटले की इंचाला सुमारे ९२ ठिपके पडतात आणि साडेअठरा इंचांत १३६६×७६८ म्हटले की सुमारे ८५. दोन्ही जवळपास सारखे. मात्र कुणी सत्तावीस इंची २५६०×१४४० चा मॉनिटर घेतला असेल, तर त्यावर इंचाला सुमारे १०९ ठिपके येतात आणि तीच खिडकी जुन्यावर ओढली की अक्षरे एकदम मोठी होतात. तिथे ‘स्केल’ नव्यापुरते १२५ टक्के करून पाहावे.

एवढे सगळे झाल्यावरही खेळ उघडला तर कोपऱ्यातला आकडा ६० च्या पुढे सरकेना. हा तिसरा अडसर खुद्द खेळाच्या सेटिंगमध्ये होता. जुन्या मॉनिटरच्या काळात भाच्याने फ्रेमची मर्यादा ६० वर बांधून ठेवली होती आणि तो ती विसरला होता. ती काढली. ज्या कार्डात दम नव्हता, ते १४४ च्या वर सहज गेले. ‘व्हॅलोरंट’ तुलनेने हलका खेळ आहे हे खरे. अलीकडच्या भारी खेळांत हे कार्ड तिथवर पोहोचणार नाही. परंतु मॉनिटर जितके दाखवू शकतो तितके कार्डाने नेहमी दिलेच पाहिजे असे बंधन नाही. फ्रीसिंक वा जी-सिंक ही सोय असलेला मॉनिटर कार्डाच्या गतीशी आपली गती जुळवून घेतो आणि चित्र फाटल्यासारखे दिसत नाही. ही सोय मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांतून आणि कार्डाच्या नियंत्रण-फलकातून अशी दोन्हीकडे सुरू करावी लागते. शेजारचा जुना मॉनिटर तिच्या आड येत नाही.

दोन वेगळ्या वेगांचे मॉनिटर एकत्र चालत नाहीत, हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ६० च्या पडद्यावर चित्रफीत लावली, की १४४ च्या पडद्यावरील हालचाल अडखळत असे. मे २०२० च्या आवृत्तीपासून ही अडचण बरीच निवळली. सल्ला मात्र अजून जुनाच फिरतो आहे. आताही जुन्या पडद्यावर चित्रफीत लावल्यावर खेळ अडखळला, तर ब्राउझरमधील ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद किंवा सुरू करून पाहावे. कोणत्या स्थितीत बरे वाटते हे यंत्रागणिक बदलते.

खेळ दोन्ही पडद्यांवर पसरवण्याची इच्छा अनेकांना होते. ती सोडलेली बरी. खेळातील नेमाची खूण चित्राच्या बरोबर मध्यावर असते, आणि दोन पडद्यांच्या मध्यावर प्लॅस्टिकची चौकट येते. शिवाय पडदे जोडून एक मोठे चित्र करण्याची कार्ड-कंपनीची सोय सारख्या रिझोल्युशनचे मॉनिटर गृहीत धरते. दुसऱ्या पडद्याचे काम वेगळे आहे. संघातल्या मित्रांशी गप्पांची खिडकी, खेळाचा नकाशा, गाणी, संगणकाचे तापमान, आणि भाच्याच्या बाबतीत, चित्रफीत संपादित करताना तुकड्यांची लांबच लांब पट्टी. यांपैकी कशालाच १४४ हर्ट्झ लागत नाहीत.

एक त्रास मात्र दोन पडदे आले की हमखास होतो. ऐन चकमकीत बाण शेजारच्या पडद्यावर घरंगळतो, तिथे क्लिक होते आणि खेळ खाली जाऊन बसतो. खेळाच्या सेटिंगमध्ये ‘फुलस्क्रीन’ निवडले की बाण बहुधा आतच राहतो. ‘बॉर्डरलेस’ ठेवले तर पलीकडे ये-जा सोपी होते, पण घसरण्याचा धोकाही राहतो. काही खेळांत बाण खिडकीत कोंडून ठेवण्याची वेगळी सोय असते. आणि एखादी खिडकी भलत्या पडद्यावर उघडली, तर विंडोजची कळ व शिफ्ट दाबून धरून बाणाची कळ दाबावी, ती शेजारी जाते.

दुपारी टेबलाची मांडणी बदलली. दोन्ही मॉनिटर समान कोनात ठेवून स्वतः मधल्या फटीसमोर बसायची भाच्याला सवय लागली होती, आणि संध्याकाळी मान दुखते म्हणून तो कुरकुरत असे. आता नवा अगदी समोर, हातभर अंतरावर, वरचा काठ डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. जुना डावीकडे तिरका, त्याच्याकडे तोंड करून. हा जुना टीएन जातीच्या पडद्याचा आहे. बाजूने पाहिले की त्याचे रंग उतरतात, म्हणून त्याला सरळ ठेवून चालत नाही. त्याचा पाय ठेंगणा पडत होता. गोठ्याशेजारून संत्र्याच्या पेटीच्या दोन फळ्या आणून खाली सरकवल्या. भिंतीला वा हाताला टांगायचा विचार असेल, तर मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची चार भोके आहेत का ते आधी मोजावे.

रंग तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यामागे दिवस घालवू नये. जुन्याचा उजेड वयोमानाने मंदावलेला असतो. त्याला ताणून नव्याइतका करण्यापेक्षा नव्याचाच उजेड थोडा उतरवणे डोळ्यांना अधिक मानवते. लग्नाच्या चित्रफितीचे रंग मात्र नव्यावरच ठरवावेत, असे मी भाच्याला बजावले; नवरीचा शालू जुन्यावर विटकरी दिसत होता.

विजेचा प्रश्न बहिणीने काढला. दोन मॉनिटर म्हणजे दुप्पट बिल का? तसे नाही. एवढा मॉनिटर साधारण वीस-तीस वॅट घेतो. खेळ चालू असताना खरी वीज संगणकाचा डबा खातो. काही कार्डे मात्र वेगळ्या वेगाचे दोन मॉनिटर जोडल्यावर रिकामी असतानाही थोडी अधिक वीज घेतात. खेळत नसताना कार्डाचा पंखा घरघरत असेल, तर कामाच्या वेळी नव्याला १२० किंवा ६० वर आणून पाहावे. वीज जाते-येते अशा ठिकाणी यूपीएसवर संगणक आणि एकच मॉनिटर ठेवावा, जुना बाहेर. तेवढाच चार-दोन मिनिटांचा जास्त अवधी मिळतो.

सायंकाळी भाचा खेळत होता आणि जुन्या पडद्यावर त्याने नदीवरून कुणीतरी करत असलेले थेट प्रक्षेपण लावले होते. थेट म्हणतात ते प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने साठवत येते, त्यामुळे ते नेहमी काही सेकंद मागे असते. नदीकडून आरोळी उठे, खिडकीतून ती आत येई, आणि थोड्या वेळाने तीच आरोळी जुन्या मॉनिटरवर ऐकू येई. बहीण दाराशी उभी राहून ते पाहत होती. ‘‘मंग कार्ड घ्या लागते का नाही?’’ तिने विचारले.

‘‘नाही लागत, मावशीच्या घरून मामा उद्या निघायच्या आधी एवढंच लिहून दे म्हणाव,’’ भाचा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, ‘‘म्हणजे दुकानदाराले दाखवता येईन.’’ मग मला उद्देशून, ‘‘लिहून द्या जी मामा. केबल कुठं लावायची, अन् ते १४४ कुठं असते.’’ रात्री त्याच्या वहीत ते लिहून दिले. वरचा मजकूर त्यावरूनच वाढवला आहे.